फोन माझा नाही, फोटो माझा आहे : नागपूरच्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

नागपूर शहर व जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालक यांस,

सविनय नमस्कार.

मी नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत बावीस वर्षांपासून मराठी आणि इतिहास-राज्यशास्त्र शिकवते. या काळात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून खूपदा बसले. ‘मोबाईल : शाप की वरदान’ हा विषय तर मी इतक्यांदा ऐकलाय की पहिल्या वाक्यावरून शेवटचं सांगू शकेन. मूल मंचावर येतं, ‘अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजनवर्ग’ म्हणतं, घरच्यांनी लिहून दिलेलं भाषण न अडखळता म्हणून दाखवतं, शेवटी नाण्याच्या दोन बाजू येतात आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या मुलाने स्वतः फोनवर काय पाहिलं, काय सोसलं, दुसऱ्याला काय सोसायला लावलं, यातलं एक अक्षरही भाषणात नसतं. हा विषय आपण आता बंद करावा आणि इंटरनेटवरच्या हक्कांबद्दल, जबाबदाऱ्यांबद्दल मुलांना वर्गात खरा वाद घालू द्यावा, अशी विनंती करायला हे पत्र लिहितेय.

माझ्या डोक्यात हे कसं आलं ते सांगते. पहिल्या घटक चाचणीनंतर मी नववीच्या वर्गाची गुणांची यादी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. शाळेचा शिरस्ताच तसा होता, त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी माझ्याजवळ आली. तिचे वडील पारडीकडे ई-रिक्षा चालवतात. घरात फोन एकच, तोही दिवसभर वडिलांकडे. स्टँडवरच्या आणखी दोघा-तिघांची मुलं आमच्याच वर्गात आहेत, त्यामुळे यादी त्यांच्याही फोनवर आली होती. ‘स्टँडवर सगळ्यांसमोर बाबांना विचारलं, पोरगी गणितात नापास काहून झाली म्हणून. बाबा रात्री जेवले नाहीत.’ एवढं सांगून ती थांबली आणि मग म्हणाली, ‘मॅडम, माझे मार्क कोणाचे आहेत?’

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला फळ्यावर लिहिलं : ‘शाळेने मुलांचे गुण सगळ्यांना दाखवावेत.’ वर्गाचे दोन भाग केले आणि पस्तीस मिनिटं मुलांना बोलू दिलं. एरवी प्रश्न विचारला की बाकाखाली डोकं घालणारी पोट्टी त्या दिवशी उभी राहून बोलत होती. एक म्हणाला, यादी दिसली तर चुरस वाढते. दुसरी म्हणाली, चुरस पहिल्या पाचांत वाढते, आमच्यात फक्त लाज वाढते. शेवटी ती मुलगी उठली. ‘माझ्याजवळ फोन नाही. पण माझा फोटो, माझे मार्क, माझी जन्मतारीख सगळ्यांच्या फोनात आहे.’

तेव्हापासून हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. इंटरनेटवरचे हक्क म्हणजे ज्यांच्या हातात फोन आहे त्यांचा प्रश्न, असं आपण धरून चाललो होतो. ज्यांच्या हातात तो नाही त्यांची माहिती तर आपणच, शाळाच, जगाला वाटत होतो. त्या दिवसापासून मी याद्या टाकणं बंद केलं.

आपल्याकडे या विषयावर काहीच होत नाही, असं मी म्हणत नाही. वर्षातून एकदा पोलिसांच्या सायबर शाखेतले अधिकारी येतात, ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा, हे समजावून सांगतात. ते फार गरजेचं आहे आणि मी त्यांची मनापासून ऋणी आहे. पण त्या तासात मूल फक्त ऐकतं. त्याला मिळते ती ‘करू नका’ची यादी. ती यादी त्याला चोरापासून वाचवते. पण आपला फोटो लावायला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे, आणि दुसऱ्याचा फोटो लावताना तोच अधिकार त्यालाही आहे, हे त्या यादीतून कळत नाही. हे सांगून कळत नाहीच. त्यावर भांडावं लागतं, हरावं लागतं, बाजू बदलावी लागते.

बाजू बदलण्याला मी फार महत्त्व देते. आमच्या वर्गात चिठ्ठी टाकून बाजू ठरते, स्वतःचं मत काहीही असो. अर्धा तास झाला की बाजू उलटतात. आणि एक नियम सगळ्यांत कडक आहे : समोरच्याचा मुद्दा आधी त्याला पटेल अशा शब्दांत सांगायचा, त्याने ‘हो, मी हेच म्हणालो’ असं म्हटलं की मगच खोडायचा. आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, ती हीच. आणि वाद, जल्प, वितंडा असे प्रकार न्यायशास्त्राने वेगळे केले होते. वितंडा म्हणजे स्वतःची बाजू न मांडता नुसतं दुसऱ्याचं पाडणं. मुलांनी हा शब्द इतका उचलला की आता कुणी ओरडायला लागलं की चार जण एकदम म्हणतात, ‘वितंडा, वितंडा!’ समाजमाध्यमांवर मोठी माणसं जे रोज करतात त्याला माझ्या वर्गाकडे आता नाव आहे.

एकदा मी फळ्यावर पाच वाक्यं लिहिली आणि विचारलं, यातलं कुठलं इंटरनेटवर टाकलं तर तुरुंगवास व्हावा? नगरसेवकाने रस्त्याचे पैसे कुठे घातले, असा प्रश्न. एक क्रिकेटपटू संघात घ्यायच्या लायकीचा नाही, अशी टीका. उद्याच्या बंदमध्ये दुकानं उघडी ठेवा, असं आवाहन. एका जातीवरचा विनोद. आणि, अमक्या वस्तीला धडा शिकवायला रात्री चौकात जमा, असा निरोप. वर्गात एक्केचाळीस मुलं होती. शेवटच्या वाक्यावर सगळ्यांचं एकमत झालं. बाकी चारांवर नाही. विनोदावर तर तास संपेपर्यंत भांडण. ‘गंमत होती’ म्हणणाऱ्याला मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘ज्याच्यावर होती तो हसला का?’ तिथे मी संविधानाचं कलम १९ सांगितलं, त्यातलं स्वातंत्र्य आणि त्याच कलमातले वाजवी निर्बंध, आणि १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही, ज्याखाली अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत जाणूनबुजून केलेला अपमान हा गुन्हा आहे.

मग पालघरची गोष्ट सांगितली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंद झाली तेव्हा एका तरुणीने त्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं आणि दोघींना अटक झाली. त्या अटकेत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं होतं. ‘घोर आक्षेपार्ह’ मजकुराला तीन वर्षांपर्यंत कैद, असं ते कलम. श्रेया सिंघल नावाची तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केलं. न्यायालयाने चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी यांत फरक केला; पहिल्या दोन गोष्टी कितीही अप्रिय असल्या तरी तेवढ्यावरून रोखता येत नाहीत, गोष्ट चिथावणीपर्यंत पोचली तरच निर्बंध लागू होतो. आणि ‘आक्षेपार्ह’ हा शब्द इतका मोघम आहे की कुणाला काय लागेल ते कुणीच सांगू शकत नाही, हेही म्हटलं. मी एवढं सांगितल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘म्हणजे आमचंही तेच झालं, मॅडम. आम्ही एक्केचाळीस जणंही नाही सांगू शकलो.’ नववीच्या मुलाने न्यायालयाच्या निकालामागचं कारण स्वतःच्या अनुभवाने ओळखावं, याहून चांगला राज्यशास्त्राचा तास मला आजवर घेता आलेला नाही.

मुलांना आणखी एका गोष्टीचा फार अभिमान वाटला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगणाऱ्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठात शरद बोबडे होते. ते नागपूरचे, इथेच शिकले, इथल्याच खंडपीठात वकिली केली. १० जानेवारी २०२० च्या निकालात इंटरनेटवरून बोलण्याला आणि व्यवसाय करण्याला संविधानाचं संरक्षण आहे, आणि इंटरनेट बंद करायचं तर तो आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, असं म्हटलं गेलं. त्या तीन न्यायमूर्तींत अमरावतीचे भूषण गवई होते, त्यांचीही वकिली नागपूरच्या खंडपीठातली. सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची ती इमारत माझी मुलं बसमधून येता-जाता पाहतात. हे हक्क कुठूनतरी दुरून आलेले नाहीत, हे त्यांना त्या दिवशी दिसलं.

हक्कांचं एवढं सांगितल्यावर जबाबदारीचं काय, असं आपण विचाराल. खरं सांगायचं तर तिथेच माझा वर्ग सगळ्यांत गंभीर झाला.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजारात पाच माणसं आली होती, भिक्षा मागून जगणाऱ्या भटक्या समाजातली. मुलं पळवणाऱ्या टोळ्या फिरतायत असे निरोप तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव फिरत होते. जमावाने त्या पाचही जणांना ठेचून मारलं. ते मुलं पळवणारे नव्हते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मी विषय दिला : ‘निरोप पुढे पाठवणारा हा लिहिणाऱ्याइतकाच जबाबदार आहे.’

विरोधी बाजूचा मुलगा हुशार. म्हणाला, ‘पोस्टमनवर कोणी गुन्हा लावते का? चिठ्ठीत काय हाय ते त्याला काय माहीत.’ वर्ग हसला. समोरच्या बाजूची मुलगी जराही गडबडली नाही. तिने नियमाप्रमाणे त्याचा मुद्दा आधी नीट सांगितला, त्याच्याकडून हो म्हणवून घेतलं आणि मग म्हणाली, ‘पोस्टमन दुसऱ्याची चिठ्ठी उघडत नाही. तू उघडून, वाचून, शंभर जणांना वाटून राहिला. तू पोस्टमन नाहीस.’ वर्गात शांतता पसरली. थोड्या वेळाने एका मुलाने आपणहून सांगितलं की १७ मार्च २०२५ च्या रात्री त्याच्याकडे आलेला एक व्हिडीओ त्यानेही खरा-खोटा न पाहता पुढे ढकलला होता.

ती रात्र आपण सगळ्यांनी पाहिलीय. महालात, हंसापुरीत उसळलेली दंगल, मग शहराच्या कितीतरी भागांत लागलेली संचारबंदी, आणि त्या काळात फोनवर आदळत राहिलेल्या अफवा. माझ्या वर्गात महालातली मुलं आहेत आणि हंसापुरीतलीही. ती एकाच बाकावर बसतात, एकाच डब्यातलं खातात. त्या आठवड्यात त्यांच्या घरच्या ग्रुपांवर एकमेकांच्या वस्त्यांबद्दल काय येत होतं, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकांना सांगितलं. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

वर्गात राजकारण येईल, अशी भीती काही सहकारी बोलून दाखवतात. ती मला समजते. पण ते राजकारण मुलांच्या खिशात आधीच आलेलं आहे, शाळेने तोंड फिरवलं म्हणून ते बाहेर जात नाही. फरक एवढाच की वर्गात त्याला दोन बाजू असतात आणि घड्याळ असतं.

दुसरी भीती जास्त खरी आहे, आणि ती आपल्याबद्दलची, शिक्षकांबद्दलची आहे. मुलांनीच सुचवलेला एक विषय होता : ‘शिक्षक मारत असतील तर मुलाने लपून व्हिडीओ काढणं योग्य आहे.’ मी तीन दिवस टाळला. शाळेत फोन आणायला बंदी आहे आणि ती असावी असंच माझं मत आहे. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केलीय, तेही खरं. नियम मोडणारं मूल आणि कायदा मोडणारा शिक्षक, यांत मोठा दोष कुणाचा? आणि तो व्हिडीओ मुख्याध्यापकांना दाखवणं वेगळं, रीळ करून जगाला दाखवणं वेगळं, हा भेद मुलांनी स्वतः काढला. व्हिडीओत रडणाऱ्या मुलालाही विचारलं पाहिजे, असं एकीने सांगितलं. हे मला सुचलं नव्हतं.

या तासाची बातमी बाहेर गेली. हे विषय पुढे नकोत, असं मला सांगण्यात आलं. एका पालकाचाही फोन आला होता. मी त्यांना एका शनिवारी वर्गात येऊन बसायला सांगितलं. ते आले. त्या दिवशी विषय होता, आईवडिलांनी मुलांचा फोन तपासावा का. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती लागते. मुलांचा माग काढायला, त्यांच्यावर नेम धरून जाहिराती दाखवायला मनाई आहे आणि मुलांबाबतची ही बंधनं मोडणाऱ्याला २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्याच कायद्यात नागरिकाची कर्तव्यंही आहेत : दुसऱ्याचं सोंग घेऊन माहिती देऊ नये, खोटी तक्रार करू नये, नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड. मी विचारलं, खातं उघडताना जन्मसाल खोटं कुणी घातलंय? बहुतेक हात वर गेले. मागे बसलेल्या पालकांच्या मुलीचाही. तास संपल्यावर ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, ‘मॅडम, घरी मी फोन हिसकतो, ती दार लावते. असं बोलणं आमच्यात कधी झालंच नाही.’

काही गोष्टींवर वाद घालायचा नसतो, हेही मी तितक्याच ठामपणे सांगेन. आमच्याच शाळेत काही मुलांनी एका मुलाच्या फोटोचं स्टिकर बनवलं, त्यावर घाण मजकूर लिहिला, आणि तो मुलगा आठ दिवस शाळेत आला नाही. त्याच्यावर वर्गात चर्चा ठेवणं म्हणजे त्याला पुन्हा चौकात उभं करणं. म्हणून आमच्याकडे खऱ्या मुलाचं, खऱ्या शिक्षकाचं नाव घ्यायचं नाही. आणि कुणाच्या बोलण्यातून लैंगिक त्रासाची शंका जरी आली तरी तिथे वाद थांबतो. पॉक्सो कायद्याने ती गोष्ट कळवणं आपल्यावर बंधनकारक केलंय, आणि १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला हवा. हा भेद न शिकता कुणी शिक्षकाने असे तास सुरू करू नयेत.

आता मागणं. पंधरवड्यातून दोन जोडतास द्या, नववीपासून. त्यासाठी स्मार्ट बोर्ड नको, वायफाय नको, फोन तर नकोच. खडू, फळा आणि चिठ्ठ्या पुरतात. त्याची स्पर्धा करू नका, ढाल देऊ नका, नाहीतर भाषणं पुन्हा घरून लिहून येतील. विषय मुलांना ठरवू द्या. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेचं बारावं कलम सांगतं की मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे, आणि डिजिटल जगालाही हे सगळे हक्क लागू आहेत, असं संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि विषय निघालाच आहे म्हणून, शाळेने स्वतःचेही नियम लेखी करावेत. स्नेहसंमेलनाचे, शिबिराचे फोटो शाळेच्या पानावर टाकण्याआधी कुणाला विचारायचं, मूल ‘नको’ म्हणालं तर काय, वर्गाच्या ग्रुपवर काय टाकायचं नाही, जुने फोटो तिथून कधी हटवायचे. दोन पानांचं काम आहे. ते मुलांसोबत बसून करा, एवढंच.

अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही, असं म्हणाल. माझा झाला. मूलभूत हक्क मला वेगळे शिकवावे लागले नाहीत. मराठीचा ‘वैचारिक निबंध’ही नाही, पहिल्यांदाच एक्केचाळीस निबंध एकमेकांसारखे नव्हते.

शिक्षकांना यातलं कळत नाही, हा आक्षेप मात्र बरोबर आहे. मलाही पुष्कळ कळत नव्हतं. काही वेळाने पुसले जाणारे निरोप खरोखरच पुसले जातात असं मी वर्गात सांगितलं, तर एका मुलाने उठून दाखवून दिलं की दुसऱ्या फोनने त्याचा फोटो काढला की झालं. ‘ते फक्त पाठवणाऱ्याला पुसल्यासारखं वाटते, मॅडम.’ मी फळ्यावर माझं वाक्य खोडलं आणि त्याचं लिहिलं. वर्गाचं माझ्यावरचं प्रेम कमी झालं नाही.

मला थांबायला सांगितलं गेलं तेव्हा मी एक मुदत मागून घेतली : या सत्राअखेरपर्यंतचे तास होऊ द्यावेत, मग ठरवावं. ती मान्य झाली. पुढच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, शेवटचे दोन तास आमचे आहेत. मुलांनी विषय निवडलाय : ‘वर्गातल्या सीसीटीव्हीचं चित्रण पाहायचा हक्क मुलांनाही असावा.’ आपल्यापैकी ज्यांना शक्य असेल त्यांनी जरूर यावं. मागे पाहुण्यांसाठी दोन बाकं मोकळी ठेवतो. फक्त दारातच एक मुलगी डबा घेऊन उभी असेल, त्यातली चिठ्ठी आपल्यालाही उचलावी लागेल, आणि जी बाजू निघेल ती मांडावी लागेल.

आपली नम्र,
नववीची एक वर्गशिक्षिका
नागपूर